लेकुरवाळ्या घराची वाणसामान खरेदी

आमच्या घरात अकरा माणसे आहेत: सासूबाई, आम्ही दोघी जावा, दोघींचे यजमान आणि दोन ते अकरा वर्षांची सहा मुले. पुण्यात राहत असल्यामुळे मंडई, मार्केट यार्ड, कोपऱ्यावरचा वाणी आणि मोठी स्वयंसेवा दुकाने असे सगळे मार्ग आम्हांला खुले आहेत. गेल्या काही वर्षांत ते सगळे मुलांसह वापरून आणि बरेचदा हात पोळून घेऊन आम्ही एवढे शिकलो की, जड माल आणि लहान मुले एकाच फेरीत आणू नयेत. धान्य वर्षाचे किंवा सहा महिन्यांचे, किराणा महिन्याचा आणि भाजी आठवड्यातून दोनदा अशी विभागणी केली, तर मुलांना न्यावे लागते ते केवळ भाजीच्या फेरीला, आणि तेही दोघा-दोघांना. पुढचे सारे लेखन या विभागणीला धरून आहे.

यादीच्या आधी खप मोजावा

स्मरणावरून केलेली यादी हमखास चुकते, कारण मुले वाढत असलेल्या घरात मागच्या वर्षीचा अंदाज या वर्षी लागू पडत नाही. म्हणून निदान एक महिना खप मोजावा. पीठ, तांदूळ आणि डाळ यांच्या डब्यांत एकेक ठरावीक भांडे कायमचे ठेवावे, त्यात किती ग्रॅम मावते ते एकदा काट्यावर पाहून झाकणावर लिहावे, आणि रोज जितकी भांडी काढली तितक्या रेघा स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर माराव्यात, जशी आपण दुधाची नोंद करतो तशीच. सासूबाईंच्या तांदळाच्या डब्यात अजूनही पितळी चिपटे आहे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हे कोष्टक मुलांना शाळेत नव्हे, त्या डब्याशी पाठ झाले. माप कोणतेही चालते. ते मधेच बदलू नये एवढेच.

आमचा हिशेब नमुन्यादाखल देते. एक किलो कणकेत साधारण ३५ मध्यम पोळ्या होतात. घरात रोज ४० पोळ्या लागतात, म्हणजे दिवसाला सव्वा किलोच्या थोडी आत आणि महिन्याला ३४ ते ३५ किलो कणीक. वर्षाचा गहू त्यामुळे सव्वाचार क्विंटलच्या आसपास जातो. आमटी एक वेळ होते, तिला ३०० ग्रॅम तूरडाळ लागते, म्हणून महिन्याला ९ किलो. तेल माणशी २० ग्रॅम धरले तर रोज २२० ग्रॅम आणि महिन्याला साडेसहा किलोच्या पुढे. असे चार-पाच आकडे हाती आले की यादीचा मुख्य भाग आपोआप ठरतो आणि महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी डाळीसाठी शेजारी वाटी घेऊन जाण्याची वेळ येत नाही. शाळा सुरू असताना डब्यासाठी पोहे, रवा आणि शेंगदाणे अधिक संपतात. मे महिन्यात आत्याची मुले राहायला आली की सगळेच आकडे बदलतात. त्या महिन्याची यादी वेगळीच करावी, नेहमीच्या यादीत चिकटपट्ट्या लावत बसू नये.

धान्य: मुलांना घरी ठेवून

नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीपासून बाजारात येऊ लागते आणि नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये. गव्हाची मोठी खरेदी त्यानंतर, परंतु पावसाळ्याच्या पुरेशी आधी, म्हणजे कडक ऊन हाताशी असताना करावी. सदनिकेत चार क्विंटल गहू ठेवायला जागा नसते, तेव्हा पावसाळ्यापुरता अर्धा आणि दिवाळीनंतर उरलेला अर्धा असे दोन भाग केले तरी चालते. मार्केट यार्डाच्या भुसार विभागात किंवा नेहमीच्या धान्य दुकानात गेल्यावर गोणीच्या तोंडाशी असलेल्या धान्यावर विसंबू नये. आतून मूठभर काढायला लावावे, तळहातावर पसरून खडे, माती, फुटका दाणा आणि कीड पाहावी, आणि एक दाणा दाताखाली फोडावा. कोरडा दाणा कट्ट आवाज करून तुटतो, ओलसर असेल तर तो दबतो. लोकवन घ्यावा की सिहोर, याचा निर्णय दुकानात उभे राहून करू नये. दोन्ही प्रकारचा किलो-किलो गहू आणून वेगवेगळा दळावा आणि त्याच्या पोळ्या मुलांच्या डब्यात द्याव्यात. दुपारपर्यंत मऊ राहिलेली पोळी कोणती हे डबा परत आला की कळते.

जुलै २०२२ मध्ये पाकीटबंद आणि शिक्का मारलेल्या धान्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा २५ किलोंहून अधिक वजनाची गोणी त्यातून वगळलेली होती. म्हणून बाजारात २६ आणि ३० किलोंच्या गोण्या दिसू लागल्या. मोठ्या कुटुंबाला ही गोणी सोयीची असते, तरी दोन्ही वजनांचा किलोमागचा भाव विचारल्याशिवाय ती स्वस्त आहे असे गृहीत धरू नये.

साठवणीबाबत एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. धान्याला कीड लागू नये म्हणून काही ठिकाणी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या सुचवल्या जातात. त्यांचा ओलाव्याशी संबंध आला की फॉस्फीन हा प्राणघातक वायू बाहेर पडतो. मुले असलेल्या, किंबहुना कोणत्याही राहत्या घरात त्या आणू नयेत. धान्य दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून, पूर्ण थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरावे, मध्ये कडुनिंबाचा सुकवलेला पाला घालावा आणि तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवावा. आमच्या घरी एवढ्यावर भागते.

महिन्याचा किराणा

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार झालेले असतात आणि दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या आठवड्यातल्या मधल्या वारी, सकाळी दुकान उघडल्यानंतरच्या तासाभरात वाण्याकडे यादी द्यावी आणि माल घरपोच मागवावा. मोठ्या दुकानात भाव थोडा कमी पडतो हे खरे. पण तिथे आम्ही दोन महिन्यांतून एकदा, मोठ्या माणसांनीच जातो. जाऊबाईंचे मत वेगळे आहे: रविवारी संध्याकाळी तिथे गारवा असतो, मुलांचा वेळ जातो आणि फिरणेही होते, असे त्या म्हणतात. माझे उत्तर एवढेच की, यादीत नसलेल्या ज्या वस्तू त्या संध्याकाळी घरी येतात, त्यांच्या पैशांत सहाही मुलांना संभाजी उद्यानात नेऊन भेळ खाऊ घालता येते.

वेष्टनावर कमाल किरकोळ किमतीबरोबर आता एकक विक्री किंमत, म्हणजे प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर किती रुपये पडतात तेही छापलेले असते. तीन आकारांच्या पुड्यांपैकी कोणती परवडते हे ठरवायला हा एकच आकडा पुरेसा आहे. मोठी पुडी नेहमीच स्वस्त पडते असे नाही, विशेषतः लहान पुडीवर सूट असेल तर. बिस्किटांच्या पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत वर्षानुवर्षे तीच राहते, पण वजन मात्र घटत जाते. म्हणून मोठा पुडा आणून डब्यात ओतावा. सहा मुलांना सहा पुड्या दिल्या की सहा अर्धवट पुड्या सादळतात, हा दुसरा तोटा.

तेलाच्या बाबतीत विशेष सावध राहावे. एक लिटर शेंगदाणा तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. त्यामुळे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते आणि १५ किलोच्या डब्यात पुरते १५ किलो. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात, मात्र फरक जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅमचा, म्हणजे आमच्या घरच्या सहा दिवसांच्या तेलाचा असतो. डब्यावर ‘लि.’ आहे की ‘कि.ग्रॅ.’ हे पाहिल्याशिवाय भावाची तुलना करू नये. एकदा आम्ही ती तशीच केली आणि स्वस्तात मिळाले म्हणून दोन डबे घेऊन आलो. पुढची कथा सांगण्यासारखी नाही.

सणासुदीचे जिन्नस त्या त्या सणाच्या पंधरा दिवस आधीच्या यादीत घालावेत: श्रावणाआधी साबुदाणा, वरी, राजगिरा आणि शेंगदाणे; दिवाळीच्या फराळासाठी पातळ पोहे, बेसन, रवा, सुके खोबरे हे दसऱ्याच्या सुमारास.

भाजीबाजारात दोन मुले

भाजी आणायला मात्र मुलांना अवश्य न्यावे. आमच्याकडे एक मोठे आणि एक लहान अशा तीन जोड्या केल्या आहेत आणि कोणत्या वारी कोणाची पाळी हे फ्रीजच्या दारावर लिहून लावले आहे. लिहिले नाही तर दर वेळी घरातूनच भांडण करून निघावे लागते. उरलेली चार मुले आजीजवळ राहतात. स्कूटरवर पुढे एक, मागे एक आणि हँडलला पिशव्या अशी जी फेरी सर्रास दिसते ती करू नये. दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती बसवण्यास कायद्याची मुभा आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला शिरस्त्राण आणि चालकाशी जखडून ठेवणारा पट्टा आवश्यक आहे, आणि अशा वेळी वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे नेता येत नाही. आम्ही जाताना बसने जातो आणि येताना रिक्षा करतो. रिक्षाचे भाडे हा भाजीच्या खर्चाचाच भाग धरावा, म्हणजे तो जीवाला लागत नाही.

निघण्यापूर्वी मुलांनी खाल्लेले असावे, शू केलेली असावी आणि प्रत्येकाच्या हाती त्याची स्वतःची कापडी पिशवी असावी. प्लास्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे पिशवी विसरली तर खोळंबा होतो. शिवाय रिकाम्या हातांचे मूल प्रत्येक ढिगाला हात लावत सुटते आणि भाजीवाल्या मावशींचा ओरडा खाते. ‘भाजी निवड’ असे मोघम सांगून उपयोग होत नाही. वयाप्रमाणे एकेक जिन्नस नेमून द्यावा आणि त्याची परीक्षा शिकवावी. चार वर्षांच्या मुलाला लिंबे द्यावीत: पिवळी, पातळ सालीची, दाबल्यावर किंचित दबणारी, मोजून दहा. सहा वर्षांचे मूल टोमॅटो उत्तम निवडते, कारण डाग शोधणे हा त्याला खेळच वाटतो. मात्र काही कडक आणि काही पिकलेले असे दोन वाटे करायला सांगावे, म्हणजे ते चार दिवस पुरतात. नऊ वर्षांच्या मुलीला कांदे-बटाटे सोपवावेत आणि कोंब आलेला कांदा, हिरवट पडलेला बटाटा बाजूला काढायला शिकवावे. भेंडी कोवळी आहे का हे टोक मोडून पाहतात, पण प्रत्येक भेंडीचे टोक मोडणाऱ्या मुलाला कोणीही विक्रेता दुसऱ्यांदा उभे करणार नाही. एक-दोन मोडून बाकीच्या डोळ्यांनी पाहाव्यात. मेथीची जुडी वरून हिरवीगार दिसली तरी देठांच्या बाजूने उलटून पाहावी, कारण पिवळी पाने आत दडवलेली असतात. नारळ कानाशी हलवून पाण्याचा आवाज ऐकण्याचे काम सगळ्यांनाच हवे असते, म्हणून ते पाळीपाळीने द्यावे.

मुलांनी स्वतः निवडलेली भाजी ती आवडीने खातात, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. आमच्या घरी दोडक्याच्या बाबतीत हे अद्याप खरे ठरलेले नाही.

थोरल्या मुलांना व्यवहार करू द्यावा. अकरा वर्षांच्या पुतणीला मी पन्नास रुपये देते. त्यात कोथिंबीर, मिरच्या, आले आणि कढीपत्ता आणून तिने उरलेले पैसे आणि हिशेब द्यायचा असतो. काटा शून्यावर आहे का हे वजन करण्यापूर्वी पाहणे, भाव पावकिलोचा आहे की किलोचा हे विचारणे आणि सुटे पैसे मोजून घेणे एवढे तिला आता जमते. घासाघीस मात्र मुलांकरवी करवून घेऊ नये. विक्रेता मुलाच्या तोंडाकडे पाहून भाव सोडतो आणि तसे करवून घेणे मला बरे वाटत नाही.

फळे घेताना भागाकार मनात ठेवावा. केळी डझनाने मिळतात हे आमचे मोठेच भाग्य, कारण बाराला सहाने निःशेष भाग जातो. चिकू, पेरू किलोने घ्यायचे असल्यास वजनाआधी नग मोजावेत आणि सहाच्या पटीत आणावेत. अर्धा किलो पेरूंत चारच आले तर त्यांच्या फोडी करताना सुरीपेक्षा न्यायबुद्धी अधिक लागते. खरेदी चालू असताना हट्ट सुरू झाला तर देण्याची वस्तू आधीच ठरलेली असावी. आमच्याकडे ती यादीच्या शेवटच्या ओळीत लिहिलेली असते, उदाहरणार्थ उसाचा रस किंवा भाजलेले कणीस, आणि ती बाजार संपल्यावरच मिळते. रडल्यामुळे ती आधी मिळत नाही आणि रडल्यामुळे ती रद्दही होत नाही. चार-पाच वर्षांखालील मुलांना चालता-चालता शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. ते घशात अडकण्याची भीती असते.

सहाही मुलांना न्यावे लागले तर

आजी गावाला गेल्या असल्या की हा प्रसंग येतोच. अशा वेळी मोठी माणसे निदान दोन असावीत. एकाने खरेदी करावी, दुसऱ्याने केवळ मुले सांभाळावीत, आणि मधे कामाची अदलाबदल करू नये, कारण मुले हरवतात ती नेमकी ‘मला वाटले तुझ्याजवळ आहे’ या क्षणी. मुलांना एकाच भडक रंगाचे सदरे घालावेत. शाळेच्या खेळाच्या तासाचे चालतात. प्रत्येकाच्या मनगटाच्या आतल्या बाजूस बॉलपेनाने मोबाइल क्रमांक लिहावा. प्रत्येक मुलाला एक ते सहा असा आकडा द्यावा आणि प्रत्येक वळणावर त्यांनी तो ओरडून सांगावा. आमचा दोन वर्षांचा धाकटा ‘तहा’ म्हणतो, त्यामुळे शेवटचा आकडा आला की आजूबाजूचे भाजीवालेही हसतात.

भेटण्याची जागा पोहोचताच दाखवावी. महात्मा फुले मंडईत ती सोपी आहे: मधला अष्टकोनी मनोरा कोठूनही डोळ्यांत भरतो. ही वास्तू १८८६ सालची, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून ती ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जात असे. आणि जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सभासद असताना जिच्या खर्चाला विरोध केला, तिलाच पुढे त्यांचे नाव मिळाले. ही हकिकत थोरल्या मुलांना तिथेच सांगावी, मनोरा पक्का लक्षात राहतो. लहान मुलांना मात्र मनोऱ्याकडे जायला सांगू नये. त्यांना एकच सूचना द्यावी: आम्ही दिसेनासे झालो तर जिथे आहेस तिथेच उभा राहा आणि जवळच्या गाळ्यावरच्या मावशींना हातावरचा नंबर दाखव. मूल पाच-दहा मिनिटांत सापडले नाही, तर संकोच न करता ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही आहे.

मोठ्या दुकानात न्यावे लागल्यास ढकलगाडीत मूल उभे करू नये, कडेला लोंबकळूही देऊ नये. भरलेली गाडी एका बाजूला झुकायला वेळ लागत नाही. पैसे देण्याच्या रांगेत गोळ्या-चॉकलेटे नेमकी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडलेली असतात. म्हणून रांगेला लागण्यापूर्वीच दुसऱ्या मोठ्या माणसाने सगळ्या मुलांना घेऊन बाहेर पडावे.

माल घरी आल्यावर

दुकानात जे काम मुलांना देता येत नाही ते घरी देता येते. घरपोच माल आला की थोरली यादी वाचते, मधली मुले वस्तू दाखवतात आणि एक जण खूण करतो. पुड्यांवरची तारीख आणि डाळीचे वजन याच वेळी पाहून घ्यावे, कारण माल पोहोचवणारा मुलगा दारातून गेला की वाण्याला फोन करून वाद घालावा लागतो. नवी डाळ जुन्या डाळीवर ओतू नये; आधी जुनी काढून घ्यावी, डबा पुसावा, नवी तळाशी भरून जुनी वर घालावी आणि झाकणावर खडूने महिना लिहावा. भाजीपैकी पालेभाज्या त्याच दिवशी निवडाव्यात. मटाराचे दाणे सोलायला बसवल्यास निम्मे दाणे पोटात जातात, हे धरूनच मटार घ्यावेत.

सगळे आवरले की रिकाम्या पिशव्या झटकून, घड्या घालून त्याच संध्याकाळी दाराजवळच्या खुंटीला लावाव्यात, आणि फ्रीजच्या दारावर पुढची जोडी कोणाची तिथे खूण करावी.